स्टंपांमागची जागा

भारताच्या मुली दोन धावांनी हरल्या तेव्हा सपनाच्या तोंडून एक आवाज निघाला. खोलीत ती आणि तिचा नवरा विनोद, दोघंच होती. विनोदने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"हसलीस काय?"

"ठसका लागला," सपना म्हणाली आणि रिकामी ताटली उचलून मोरीकडे गेली.

विनोद बोईसरच्या कारखान्यांतून वायरमनचं काम करणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने पुढे काही विचारलं नाही. सपनाने नळ सोडला आणि धुतलेलीच ताटली पुन्हा धुतली. तो ठसका नव्हता हे तिला चांगलं माहीत होतं. तिला बरं वाटलं होतं. भर संध्याकाळी अख्खा देश हळहळत असताना बोईसरच्या एका भाड्याच्या खोलीत एका बाईला बरं वाटलं होतं, कारण हरताना पडद्यावर जो चेहरा दिसला तो हिमानी चुरीचा होता.

सामना तिरंगी मालिकेतला शेवटचा, समोर ऑस्ट्रेलिया. दोन चेंडूंत जिंकायला चार धावा हव्या होत्या. चौतीसवर खेळणारी हिमानी स्ट्राइकवर होती. तिने चेंडू मिडविकेटला ढकलून एक धाव काढली आणि शेवटच्या चेंडूला दहाव्या नंबरची पोर समोर आली. पोरीने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू लागलाच नाही. खेळ खलास.

पण लोकांच्या डोक्यात बसला तो त्याच्या कितीतरी आधीचा एक चेंडू. ऑस्ट्रेलियाच्या डावात, एक्केचाळिसाव्या षटकात, त्यांची तेवीस धावांवरची बॅटर पुढे सरसावून फसली होती. क्रीजच्या बाहेर हातभर. मागे कीपर हिमानी. चेंडू खाली राहिला, तिच्या ग्लोव्हजखालून निसटला आणि सीमेपार गेला. स्टंपिंग गेलं ते गेलं, वर बायच्या चार धावा. त्या बॅटरने पुढे एकाहत्तर केल्या आणि आपण हरलो दोन धावांनी. हा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही.

हिमानी इथलीच, बोईसरजवळच्या चिंचणीची. तिचे वडील दागिन्यांचे डाय कोरतात. लोखंडाच्या ठोकळ्यात नथीची, झुमक्याची नक्षी खोदणारा हात, चिंचणीत त्यांचं नाव आहे. सपना माहेरची तामोरे, तिथून जवळच्याच घिवलीची. बाप दादू तामोरे होडीवर, आई येसूबाई टोपली घेऊन चिंचणीच्या आळ्यांमधून मासळी विकणारी. दोघी पोरी एकाच वर्षी जन्मल्या आणि बोईसरला पंढरी सरांनी मुलींचा संघ काढला तेव्हा एकाच मैदानावर आल्या.

पहिली आली सपना. आठवीत होती. सरांनी सहज म्हणून तिला स्टंपांमागे उभं केलं आणि आठवड्याभरात इतर सगळ्यांना सांगून टाकलं, की कीपरची जागा आता विचारायची नाही. तिचे हात मऊ होते. चेंडू आला की आवाज व्हायचा नाही. हिमानी वर्षभराने आली. ती बॅटर, आणि फिल्डिंगला कव्हरमध्ये. दोघींचं चांगलं जमायचं. सरावानंतर एका वडापावचे दोन भाग व्हायचे आणि मोठा कुणाला यावरून भांडणही व्हायचं.

मग ती हळद आली. सपना सोळा वर्षांची असताना तिच्या भावाचं लग्न ठरलं आणि घिवलीत ज्या दिवशी हळद, त्याच दिवशी विरारला सामना. सपनाने रडून पाहिलं. येसूबाई म्हणाली, "भावाची हळद हाय न तू बॉल पकडाया जाशील? लोकं काय बोलतील?" सपना नटून हळदीत बसली. विरारला सरांनी नाइलाजाने ग्लोव्हज हिमानीला दिले. त्या दिवशी मैदानाच्या कडेला निवड समितीचे दोन जण बसलेले होते. हिमानीने तीन झेल घेतले, एक स्टंपिंग केलं, वर पन्नास धावा. दोन महिन्यांत ती मुंबईच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात होती. कीपर म्हणून.

ही हळदीची गोष्ट सपनाने कारखान्यातल्या प्रत्येक बाईला सांगितलेली आहे. दर वेळी तिच्या सांगण्यात हिमानीचे झेल थोडे सोपे होत जातात.

सपना औषधाच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. नऊ वर्षं झाली. पाकिटं मोजायची, सील तपासायचं, खोक्यावर शिक्का मारायचा. काम वाईट नाही. पण या नऊ वर्षांत हिमानी मुंबईकडून खेळली, मग भारत अ संघात गेली, मग गेल्या चार वर्षांपासून भारताकडून. प्रत्येक पायरीची बातमी सपनाला येसूबाईच्या तोंडून मिळाली, कारण येसूबाईची टोपली चुरींच्या ओट्यावर उतरायचीच. "आज चुरीबाईने दोन पापलेटं घेतली. पोर इंग्लंडहून आली." "चुरींच्या दारात नवी गाडी हाय." "हिमानीने मला वाकून नमस्कार केला गो, एवढी मोठी झाली तरी." शेवटचं वाक्य सपनाला सगळ्यात जास्त लागायचं. हिमानी माजोरडी झाली असती तर तिला बरं पडलं असतं.

सोमवारी सकाळी अकराच्या चहाला कँटीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. प्रयोगशाळेतला मेहुल टेबलाच्या टोकाला बसून बोटांवर मुद्दे मोजत होता.

"टीमच चुकीची निवडली. खेळपट्टी फिरकीची, तुम्ही तीन स्पिनर घेता, मग कीपर पण तशी पाहिजे ना? रेल्वेवाली कीपर बाहेर बसवली, चौदा वर्षांचा अनुभव तिचा. का, तर हिला बॅटिंग येते."

"बॅटिंगनेच तर आणलं ना इथपर्यंत?" पॅकिंगमधला झिपरू म्हणाला. तो मासवणहून रोज येतो आणि हिमानीचा पक्का भक्त आहे. "पस्तीस कोणी केले? पाच बाद झालेले, तेव्हा आली ती."

"और सिंगल काहे लिया?" बॉयलरवरचा रामू मध्ये पडला. "दो बॉल में चार चाहिए, खुद सेट है, और भाग गई उधर. हमारे गाँव का बच्चा भी नहीं भागता."

"चेंडूच तसा होता. यॉर्कर होता."

"यॉर्कर नव्हता, फुलटॉस होता. मी तीनदा बघितला."

"दहाव्या नंबरला तिला पाठवलंच का पण? तिच्याआधी त्या दुसऱ्या पोरीला पाठवायचं ना, ती निदान फेकते तरी."

आवाज चढत गेले. एकाने चहाचा कप आपटला. मग मेहुल सपनाकडे वळला. "तुम्ही सांगा. तुम्ही तिच्याबरोबर खेळलाय. ते स्टंपिंग सुटलं कसं?"

टेबल गप्प झालं. सपनाला ही शांतता आवडली. एरवी क्रिकेटच्या गप्पांत बायकांना कुणी विचारत नाही.

"ती कीपर नाहीच," सपना म्हणाली. "उशिरा शिकलेली. चेंडू टप्पा पडायच्या आधीच उठते ती. उठली की हात वर जातात. खाली राहिलेला चेंडू मग जाणारच खालून. काल सुटला, आधी पण सुटलेत, फक्त तेव्हा आपण जिंकलो म्हणून कोणी बघितलं नाही."

मेहुलने मोबाइलवर तो चेंडू काढला. सगळे त्यावर वाकले. खरंच, चेंडू अजून हवेत होता आणि हिमानीचे गुडघे सरळ झाले होते.

"अरे बाप रे," मेहुल म्हणाला. "टीव्हीवर एकाने पण हे सांगितलं नाही."

झिपरूने मोबाइल ओढून तो चेंडू पुन्हा लावला. सपना दुपारपर्यंत हलकी होऊन काम करत होती. त्या दिवशी तिची खोकी सगळ्यात जास्त भरली.

कँटीनमधली गोष्ट कँटीनमध्ये राहिली असती. पण मेहुलचा एक मित्र होता, निमेश. बोईसर-पालघरच्या बातम्यांचं त्याचं मोबाइलवरचं चॅनेल आहे. रस्त्यातले खड्डे, जत्रा, पुढाऱ्यांचे वाढदिवस. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो माइक घेऊन गेटवर हजर.

"ताई, दोनच मिनिटं. चिंचणीच्या हिमानीची जुनी मैत्रीण म्हणून."

सपनाने ओढणी नीट केली. आधी तिने तांत्रिक भागच सांगितला, जो कँटीनमध्ये सांगितला होता. निमेशला त्यात रस नव्हता. त्याने हळदीचं विचारलं. मेहुलने त्याला सांगूनच ठेवलं होतं. आणि सपना बोलत गेली. बारा वर्षांचं साचलेलं होतं, त्याला तोंड मिळालं.

"ते ग्लोव्हज माझे होते," ती म्हणाली. "तिला ते चुकून मिळाले. मी त्या दिवशी गेले असते तर आज भारताच्या स्टंपांमागे मी असते. आणि ते स्टंपिंग माझ्याकडून सुटलं नसतं."

निमेशने त्यातली नेमकी तेवढीच वाक्यं घेतली. वर मथळा दिला: 'हिमानीने मैत्रिणीची जागा बळकावली?' बुधवार सकाळपर्यंत चार लाख लोकांनी ते पाहिलं. मराठी येत नाही अशांनीही, कारण कुणीतरी खाली हिंदीत लिहून दिलं होतं. आधीच चिडलेल्या लोकांना शिव्या द्यायला कारण मिळालं. चोर, धोकेबाज, आणि लिहिता येणार नाहीत असले शब्द. कुणीतरी चिंचणीच्या घराचा फोटो टाकला. गुरुवारी संध्याकाळी चार-पाच मोटारसायकली हिमानीच्या वडिलांच्या दुकानासमोर थांबल्या, पोरांनी हॉर्न वाजवत घोषणा दिल्या आणि एकाने दुकानाच्या काचेवर दगड मारला. वडील आत ठोकळ्यावर वाकलेले होते. लागलं नाही, पण छिन्नी सरकली आणि आठ दिवस खपून कोरलेला डाय वाया गेला.

हे सगळं सपनाला येसूबाईनेच सांगितलं. शुक्रवारी ती टोपली न घेता, रिकाम्या हाताने बोईसरला आली. उंबऱ्यातच बसली.

"आज चिंचणीला गेली होती मी," ती म्हणाली. "वाटलं, दार लावून घेतील. चुरीबाईने बांगडे घेतले. नेहमीसारखे साफ करून घेतले. एक शब्द नाय बोलली. पाणी पण दिलं मला प्यायला." जरा थांबून ती म्हणाली, "त्यांनी मला हाकलली असती तर मी भांडली असती गो."

"मी खोटं काय बोलले?" सपना म्हणाली.

येसूबाईने पदराने तोंड पुसलं. "हिमानी आली हाय. विचारत होती, सपना रविवारी घिवलीला येते काय."

दर रविवारी सपना आईकडे जायची. बोंबील वाळत घातलेले असले की हात लागतात. त्या रविवारी जाऊ नये असं तिने ठरवलं होतं, आणि तरी ती सकाळच्या पहिल्या रिक्षात बसली. न जाणं म्हणजे भ्यायलो असं झालं असतं.

दहाच्या सुमाराला हिमानी आली. एकटी, स्कूटरवर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. बांबूंवर बोंबलांच्या माळा लटकत होत्या आणि सपना ओल्यांची तोंडं एकमेकांत अडकवत होती. पलीकडे आणखी दोघी-तिघी बायका होत्या. त्यांनी हात थांबवले.

हिमानीने स्कार्फ काढला. पडद्यावर दिसते त्यापेक्षा ती बारीक होती. डोळ्यांखाली काळं. सपनाच्या मनात पहिली गोष्ट आली ती तिच्या बुटांची. असले बूट बोईसरात मिळत नाहीत.

"बोल," सपना म्हणाली. "शिव्या द्यायला आली असशील तर दे."

"स्टंपिंगचं बोललीस ते खरं होतं," हिमानी म्हणाली. "आमच्या कोचने पण मला एवढं नेमकं सांगितलेलं नाही."

सपनाने पुढचा बोंबील उचलला.

"पण जागा तुझी होती, हे खोटं. आणि तुला ते माहीत आहे." हिमानीचा आवाज चढला नव्हता. "हळदीच्या पुढच्या वर्षीचं का नाही सांगितलंस माइकवर? मुंबईची चाचणी होती. दोन कीपर घेणार होते. पंढरी सरांनी तुझं नाव दिलं होतं. मी सकाळी सातपासून मैदानाच्या गेटवर उभी होते, तू येशील म्हणून. दुपारी बारापर्यंत."

"मला ताप होता."

"येसूमावशी दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे मासळी घेऊन आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, सपनाला बरं आहे का. त्या म्हणाल्या, तिला काय झालंय?"

बांबूपलीकडच्या बायका आता उघडपणे ऐकत होत्या. सपनाने हातातले दोन बोंबील माळेवर अडकवले. ते नीट अडकले नाहीत, वाळूत पडले.

ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. विनोदलाही नाही. त्या दिवशी ती पहाटे उठली होती, पिशवी भरली होती, बोईसर स्टेशनपर्यंत गेली होती. गाडी आली. आणि तिला दिसलं, की आपण पोचू तेव्हा हिमानी तिथे आधीच सगळ्यांच्या ओळखीची असेल, सगळे तिला नावाने हाक मारत असतील, आणि आपण तिच्या मागे, दुसऱ्या. गाडी गेली. सपना बाकावर बसून राहिली आणि दुपारी घरी परतली.

"तुझ्यामागे दुसरी म्हणून नव्हतं उभं राहायचं मला," ती म्हणाली. "तुला मी शिकवलं होतं, कसं बसायचं ते. आणि तू पहिली आणि मी दुसरी?"

"मग हे मला का नाही सांगितलंस? मला वाटत राहिलं, मी काय केलं. अकरा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस."

सपनाने वाळूत पडलेले बोंबील उचलले. हिमानीने स्कार्फ पुन्हा गुंडाळायला घेतला.

"बाबांनी दुकान दोन दिवस बंद ठेवलं," ती म्हणाली. "तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

ती स्कूटरकडे निघाली. सपना तिच्या पाठीकडे बघत होती. माफी मागायला हवी होती आणि ती तोंडातून येत नव्हती. जे आलं ते भलतंच होतं.

"टप्पा बघत नाहीस तू," ती मागून ओरडली. "बॅटरचे पाय बघतेस. ती पुढे निघाली की तुला घाई होते. तिला निघू दे की! तू बसून राहा."

हिमानी थांबली. "कशी?"

सपनाने हात साडीला पुसले, पदर खोचला. सुट्टीच्या दिवशी ती आईकडे साडीच नेसायची. गावातल्या पोरांचा टेनिसचा चेंडू आणि तीन काठ्या मिळाल्या. ओहोटी होती, खाली वाळू टणक होती. हिमानी लांबून खालून चेंडू टाकू लागली आणि सपना काठ्यांमागे बसली. दहा-अकरा वर्षांत ती अशी बसली नव्हती. गुडघे करकरले. पहिला चेंडू मनगटाला लागला. दुसरा हातात आला. तिसऱ्यानंतर तिला काही आठवावं लागलं नाही. चेंडू पडायचा, आणि त्याच्याबरोबर ती वर यायची, आणि हातात आल्याचा आवाज व्हायचा नाही.

पंधरा-वीस चेंडूंनंतर हिमानीने टाकणं बंद केलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिचा चेहरा विचित्र झाला होता. सपनाने तो चेहरा लगेच ओळखला, कारण तसा चेहरा ती स्वतः वर्षानुवर्षं टीव्हीसमोर करत आली होती.

"मी रोज दोन तास करते हे," हिमानी म्हणाली. "दहा वर्षं झाली. आणि तू साडीत, बोंबलाच्या हाताने..." चेंडू तिने जरा जोरातच फेकला.

सपनाने तो पकडला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला जो आनंद झाला तो भारत हरला तेव्हाच्या आनंदाचाच भाऊ होता. पण या वेळी तिला मोरीत जाऊन लपावं लागलं नाही.

"आता तू बस," ती म्हणाली. "मी टाकते."

पुढच्या दौऱ्याचा संघ आठ दिवसांनी जाहीर झाला. हिमानी त्यात नव्हती. रेल्वेवाली परत आली होती. कँटीनमध्ये मेहुल म्हणाला, "बघा, निवड समितीने सपनाताईंचं ऐकलं," आणि सगळे हसले. सपना हसली नाही. घरी जाताना तिने निमेशला फोन केला.

"तो व्हिडिओ काढून टाक."

"ताई, काय बोलता? माझ्या चॅनेलवर इतका कधीच कोणता चालला नाही."

"त्यांच्या दुकानावर दगड पडला त्याने."

"मी थोडीच मारला? एक काम करू. तुम्ही नवीन बाइट द्या. तुमची बाजू."

शनिवारी निमेश आला. सपनाने या वेळी कंपनीच्या गेटवर नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून नवापूर नाक्याच्या जरा पुढे एका बंद गाळ्यासमोर दोघं उभी राहिली. "हळदीमुळे माझा एक सामना गेला, हे खरं," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं होतं. हिमानी गेटवर माझी वाट बघत होती. मी स्टेशनवर बसून राहिले, गेले नाही. मला तिचा हेवा वाटत होता म्हणून गेले नाही. जागा तिने घेतली नाही, मी सोडली."

"हेवा वगैरे ठेवू ना व्हिडिओत?" निमेशने विचारलं.

"ठेव."

हा व्हिडिओ नऊशे लोकांनी पाहिला. पहिला आजही तिथेच आहे. पण नऊशेंपैकी एक विनोद होता. रात्रीचं जेवण झाल्यावर तो म्हणाला, "स्टेशनवर किती वेळ बसली होतीस?"

"चार तास."

"मला सांगायचं ना," तो म्हणाला, आणि भांडी त्याने उचलली. सपना तशीच बसून राहिली.

हिमानी संघाबाहेर होती ते दोन-अडीच महिने दर रविवारी घिवलीला यायची. पहिले दोन रविवार दोघी फारसं बोलल्या नाहीत. चेंडू, काठ्या, वाळू. सपना कडक होती. "उठलीस," ती म्हणायची. "परत उठलीस." एकदा हिमानी वैतागून म्हणाली, "तुला मजा येते का मला चुकताना बघून?" आणि सपना म्हणाली, "येते थोडी." त्यावर दोघी हसल्या, पण दोघींनाही ते खरं असल्याचं माहीत होतं. तिसऱ्या रविवारी सपना चिंचणीला गेली. हिमानीचे वडील डायवर वाकले होते. सपनाने माफी मागितली. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं, "बरं," म्हणाले आणि परत कामाला लागले. त्यांनी बसायला सांगितलं नाही. ते आजही तिच्याशी मोजकंच बोलतात, आणि सपना त्यांना दोष देत नाही.

रेल्वेवालीच्या बोटाला दुखापत झाली आणि हिमानीला परत बोलावलं. दुसऱ्याच सामन्यात, डावखुऱ्या फिरकीवर, एक बॅटर पुढे गेली. चेंडू खाली राहिला. हिमानी खालीच होती. बेल्स उडाल्या तेव्हा बॅटर मागे वळलीसुद्धा नव्हती. कँटीनमध्ये झिपरू टेबलावर चढायचा बाकी होता. "आता बोला! आता कोण म्हणतं कीपर नाय?" रामूने मान्य केलं, मेहुलने मोबाइलवर हळू वेगात तीनदा दाखवलं. "टेक्निक बदललंय," तो जाणत्यासारखा म्हणाला. कुणी सपनाला काही विचारलं नाही. ती चहा पीत बसली. तो चेंडू तिने वाळूत किमान शंभरदा टाकला होता.

सामन्यानंतर हिमानीची मुलाखत झाली. सुधारणा कशी केली, असं विचारल्यावर ती म्हणाली, "घरी एका मैत्रिणीबरोबर सराव केला."

सपनाने त्याच संध्याकाळी फोन लावला.

"एका मैत्रिणीबरोबर? नाव घ्यायला काय झालं होतं?"

"नाव घेतलं असतं तर निमेशचा तो पहिला व्हिडिओ परत फिरला असता," हिमानी म्हणाली. "तुझ्या गेटवर माणसं आली असती. माझ्या घरी आली तशी."

हे सपनाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तरीपण," ती म्हणाली.

"तरीपण काय?"

"तरीपण मला राग आला. तू तिथे होतीस आणि मी खोकी भरत होते. मला अजून वाटतं ते. जात नाही."

हिमानी म्हणाली, "जाणार पण नाही बहुतेक. माझं कुठे गेलंय?" आणि मग, "मी बुधवारी घरी येते. तुझी पाळी कुठली आहे?"

"सकाळची. तीनला सुटते."

"चारला घिवलीत?"

"साडेचार. आणि टेनिस बॉल बस झाला आता. त्याने सवय बिघडते."

फोन ठेवल्यावर सपनाने पंढरी सरांना लावला. सर आता निवृत्त आहेत, सफाळ्याला राहतात. एवढ्या वर्षांनी तिचा आवाज ऐकून ते आधी गोंधळले. तिने फार काही सांगितलं नाही. चार लेदर बॉल हवेत म्हणाली, आणि कीपिंगचे ग्लोव्हज असतील तर एक जोडी.

"कोणासाठी?" सरांनी विचारलं.

"माझ्यासाठी," सपना म्हणाली.